वीस चिंचोके

अश्विन,

मी पारशिवनीले शामलाआत्याकडे चाललो, उद्या येतो. तू झोपला होता, उठवलं नाही. वरण फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लावून घे.

काल पोकर खेळताना मी डाव सोडून टाकलेले पत्ते तू उलटून पाहिले अन् दोन एक्के निघाले. "काहून टाकले बाबा?" तू विचारलं, मी पत्ते पिसाले घेतले. तुले वाटलं, लागोपाठ सात रविवार हरून म्हातारा भ्याला.

भ्यालो नाही गा. नियम तुझाच आहे. हरता माणूस चिडून खेळते, म्हणून प्रत्येकाले वीसच चिंचोके. संपले का उठायचं, उसने मागायचे नाही. पहिल्या रविवारी मी चांगल्या पत्त्यांवर सारे लावले अन् दहा मिनिटांत हरलो. तू हेडफोन लावून खोलीत गेला, तो दुसऱ्या दिवशी ऑफिसले निघतानाच दिसला. जिंकलो असतो तरी खेळ संपलाच असता. तेव्हापासून मी पत्ते टाकूनच देतो. दर डावाले सुरुवातीले लावलेला एकच चिंचोका जाते, अन् चार वाजेपर्यंत तू समोर बसून असतो.

पुढच्या रविवारी एक्के आले तर खेळतो, शब्द देतो. आत्याच्या अंगणात चिंचेचं झाड आहे. येताना थैलीभर चिंचोके आणतो. नियमात किती बसतात, ते तू ठरव.

बाबा