भिंतीवर उललेली जमीन

सर, तुम्ही गेल्यावर माझं अकोल्याला येणं सुटलं होतं. ते पुन्हा सुरू झालं तुमच्या गावच्या एका चित्रकार बाईमुळे. वडील रंगरेज, ही मात्र रंगाला हात लावत नाही. संगणकावर चित्र करते आणि प्रोजेक्टरने भिंतीवर सोडते. तुम्ही त्याला चित्र म्हटलं असतं की नाही, सांगता येत नाही. भिंत माझी होती, म्हणून मला मत होतं.

अमरावतीहून तिवस्याकडे जाताना लागणारं शेतकऱ्यांच्या एका संस्थेचं सभागृह मी बांधलं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर फोडते. भिंतीला तडा जाऊ नये, यातच माझी सगळी वास्तुकला खर्ची पडली. आणि या बाईने माझ्या सर्वांत मोठ्या भिंतीसाठी काय आणलं, तर भेगा! मागच्या वावरात तिने ओलावा मोजणारी कांडी पुरली होती. माती वाळली की भिंतीवरच्या भेगा रुंदावणार, ओली झाली की मिटणार. मी म्हटलं, "जमणार नाही." ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही जमिनीले दाबून ठेवता, मी तिले बोलू देते. काम तं दोघींचं तिच्याच भरवशावर आहे ना?" उद्धट आहे. तिथेच मला पटली.

कारण मला ती दुपार आठवली. तुम्ही आमचा चित्रकलेचा वर्ग शाळेमागच्या वावरात नेला आहे, ऊन मी म्हणतं आहे आणि मी वहीत फुटपट्टी लावून भेग काढते आहे. "काहून वं पोरी, जमीन काय फुटपट्टीनं उलते?" सगळा वर्ग हसतो. मग तुम्ही उकिडवे बसता, कोपरापर्यंत हात भेगेत घालता आणि म्हणता, "भिऊ नका. वरची माती आत जाते, आतली वर येते. उन्हाळ्यात आपली जमीन सोताच सोताले नांगरून राहिली." तुमच्या धोतराला माती लागलेली असते आणि तुम्ही ती झटकत नाही.

मी होकार दिला. चाचणीच्या दिवशी भेगा उजळल्या आणि कंत्राटदार पुट्टीची बादली घेऊन धावत शिडीवर चढला. भेग त्याच्या सदऱ्यावर पडली, तेव्हा कुठे थांबला. "मले वाटलं भिंत गेली!" आम्ही हसलो, संस्थेचे अध्यक्ष हसले नाहीत. ती वर्षं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची होती. "मॅडम, पेपरात रोज हाच फोटो. उललेली जमीन अन् डोक्याले हात लावलेला माणूस. लोकं इथं मीटिंगले येतीन का रडाले? उद्घाटनाले हिरवं पीक दाखवा, नाही तं हे बंद." चित्रकार बाई वायरी गुंडाळू लागली. "हिरवं पीक पायजे असन तं कॅलेंडर लावा." ती गेली असती तर काम तिच्यासोबत गेलं असतं.

अध्यक्षांची भीती खोटी नव्हती. पण मी सांगितलं, "पेपरवाल्यांनी जमिनीचा एकच अर्थ लावला म्हणून आपणही तोच लावायचा? भेगा काढून टाकल्या तर उद्घाटनाच्या पत्रिकेतून माझंही नाव काढा." आवाज चढवला नाही. चढवावा लागत नाही.

उद्घाटनाला गावोगावच्या बाया आल्या. भिंतीसमोर थबकल्या. एकीने पदर खोचून भेगेत हात घालून पाहिला, तो सिमेंटवर आपटला. "अवं माय, हे तं लहानच काढली. आमच्या वावरात अख्खा हात जाते." दुसरी म्हणाली, "यंदा उलली चांगली. माती मोकळी होईन." आणि मग आपापल्या वावरातल्या भेगांची चढाओढच लागली. भाषणं सुरू करायला अध्यक्षांना दोनदा माइक ठोकावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरमन बोलावून प्रोजेक्टरसाठी वेगळी लाइन टाकून घेतली.

तर भिंत राहिली आहे, सर. हे पत्र टाकायला पेटी नाही, त्यामुळे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. मी अध्यक्षांशी मातीच्या बाजूने भांडले, असं त्या बाईला वाटतं. खरं म्हणजे ते काम मला सुंदर वाटलं होतं, पहिल्याच दिवशी, नाही म्हणत असतानाच. तिला हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं.