गरम झाल्यावर गिअर सोडणाऱ्या गाडीबाबत

मी, मीनाबाई ईश्वर सरवदे, वय अडुसष्ट, दवाखान्याच्या लॅबमधून निवृत्त, राहणार बुधवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र वकिलांच्या ऑफिसात बसून लिहून देते. लहानपणी पोलिओने गेलेला डावा पाय सोडला तर माझे सगळे शाबूत आहे, डोके जरा जास्तच. मला कोणी फूस लावलेली नाही. राग मात्र आलेला आहे. रागात केलेले मृत्युपत्र चालते का असे विचारले, तेव्हा वकील म्हणाले, शुद्धीत असलात म्हणजे झाले.

१. घर. माझे पती कै. ईश्वर यांनी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात नोकरी करून हे घर बांधले. ते माझा एकुलता मुलगा दिपक आणि सून रेश्मा या दोघांच्या नावे व्हावे. रेश्माचे नाव राहून गेले असे नंतर कोणी म्हणू नये.

२. बँकेतली शिल्लक नात चैतालीच्या शिक्षणाला द्यावी. काय शिकायचे ते तिने ठरवावे, मामा-मावश्यांनी नव्हे.

३. गाडी. सन २०१० ची, ऑटोमॅटिक. क्लच नाही, म्हणून डाव्या पायाला काम नाही. एकट्या उजव्या पायावर मी पन्नाशीनंतर ड्रायव्हिंग शिकले. त्याआधी मी कोणीतरी नेईल तेव्हाच कुठे जात असे.

दिवाळीपासून गाडी तापली की बिघडते. सकाळी घरून निघताना सुरळीत चालते. थोडे अंतर गेले की इंजिन नुसते ओरडते, गाडी ओढत नाही, आणि मग एकदम हिसका देऊन गिअर पडतो. हे सगळे मी पहिल्या गॅरेजवाल्याला सांगितले, तर तो दिपककडे बघून म्हणतो, "सायेब, गाडी काय म्हणतीय?" मालकीण मी, चालवते मी, आणि विचारणा दिपकला! त्याने गाडी गार असताना गल्लीत एक चक्कर मारली आणि म्हणाला, "झकास हाय की." मलेरियाचे रक्त ताप चढलेला असताना घ्यायचे, हे मी लॅबमध्ये आलेल्या प्रत्येकाला शिकवले. तशी गाडी तापवून बघा म्हटले तर हसला, इंजिनखालची रबरे बदलली आणि गाडी परत पाठवली. दुसरा म्हणाला, "अख्खा गिअरबॉक्स बदला, न्हाईतर भंगारात घाला." त्याने बॉनेटसुद्धा उघडले नव्हते. सल्ला द्यायला सगळे तयार, बघायला कोणाला वेळ नाही.

वकील म्हणाले, एवढे लांब कलम नसते. मी म्हटले, एवढा लांब त्रासही नसतो.

४. दोरखंड. गाडीच्या डिकीत एक जाड दोरखंड आहे, तो वळसंगचा माझा भाचा कुमार यास द्यावा. बहिणीकडे गेले असताना गाडी जागच्या जागी उभी राहिली. कुमारने ट्रॅक्टर आणून दोर बांधला. अशी ऑटोमॅटिक गाडी पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढायची नसते. इंजिन बंद असले की गिअरबॉक्सात तेल फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. मी खिडकीतून ओरडून सांगत होते. "मावशे, न्यूट्रल केलीय की! तू निवांत बस," म्हणाला आणि सोलापूरपर्यंत ओढत आणली. पोराची माया लई, ऐकायचे नाव नाही. दोरखंड त्याने यापुढे म्हशीला वापरावा.

५. बिरुदेव वाघमोडे, अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळचे मेकॅनिक. यांना माझ्याकडून एक भरपेट जेवण आणि एक शिवी, दोन्ही देणे आहे.

जेवण यासाठी की ते पहिल्यांदाच म्हणाले, "चालवा तुमी मावशी, मी बाजूला बसतो." सुदैवाने गाडी गार झाली की अजून हलत होती. भर दुपारी गिअर सोडेपर्यंत मी चालवली. मग इंजिन चालू ठेवूनच त्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाची काडी काढून फडक्याला पुसली. तेल काळे, वास करपलेला. "बॉक्स मेला न्हाय. आतल्या प्लेटा झिजल्यात. त्या बदलल्या की पळंल." मला तिथेच रडू आले. कोणीतरी रोगाचे नाव घेतले होते.

शिवी यासाठी की नंतर पार्ट येईना. फोन केला की, "आला न्हाय, मावशी." मी दुकानदाराला बोलले, कुरिअरवाल्याला बोलले. परवा रिक्षा करून न सांगता गेले, तर पार्ट समोरच फळीवर. बिरुदेव मान खाली घालून म्हणाले, "कवाच आलाय. दिपकभाऊंचा फोन आलता. ऱ्हाऊ द्या म्हणले, आईला पार्ट न्हाय म्हणून सांगा."

६. दिपक. हे तुला तोंडावर विचारले, तेव्हा तू म्हणालास, "पुलावर गाडीनं गिअर सोडला, मागं ट्रक, आत चैताली. मला झोप लागत न्हाय, आई. कुटं जायचं ते सांग की, मी सोडतो."

तुझी भीती खोटी नाही. त्या दिवशी मीही घाबरले होते. पण म्हणून तर दुरुस्त करायची ना! आणि सोडतो म्हणणे सोपे आहे. लॅबमधली माझी मैत्रीण केराबाई गेली, त्या दिवशी मी पायाला कॅलिपर बांधून दारात बसून राहिले. तुझी मीटिंग संपेना. मी पोचले तेव्हा सगळे उरकून लोक परतत होते. ते मी तुला माफ केलेले नाही.

तू लहान असताना तुला कडेवर घेऊन मला कधी चालता आले नाही. तुझे बाबा घ्यायचे, शेजारणी घ्यायच्या, मी खाटेवर बसून बघायची. चैतालीला मात्र शाळेत मी नेले, माझ्या गाडीतून. हे माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

गाडी मी कोणालाही देत नाही, कारण ती मला हवी आहे. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. बाकीचे तेव्हा होवो, हे कलम आज लागू व्हावे. एक फोन तू माझ्यामागे केलास. दुसरा माझ्यासमोर कर.

सही: मीनाबाई ईश्वर सरवदे

साक्षीदार:
१. सिद्धेश्वरी बिराजदार, वकिलांच्या ऑफिसातील कारकून (सही)
२. बिरुदेव वाघमोडे (सही)

मीनाबाईंनी वरील मजकूर आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचून सही केली. मुलगा दिपक हजर होता. त्यास वाटा असल्याने साक्षीदार केलेले नाही. वाचन संपल्यावर त्याने फोन लावला. साक्षीदार क्रमांक दोन यांचा फोन इथेच वाजला आणि त्यांनी समोर बसूनच उचलला. दिपक म्हणाला, "आईची गाडी आजच उघडा." मीनाबाईंच्या सांगण्यावरून ही नोंद केली आहे.

स्थळ: सोलापूर
दिनांक: १९ एप्रिल २०२५