एकशे दहा आणि वर लोदे

३ जून
पदवी अठ्ठावीसला. प्रबंध झाल्यातच जमा. दोन प्रकरणं आणि निष्कर्ष तेवढे लिहायचेत. बाबांना फोनवर सांगून टाकलं: एकशे दहापैकी एकशे दहा, वर लोदे, म्हणजे परीक्षकांची एकमताने शाबासकी. बाबा त्यांच्या सलूनमध्ये होते. म्हणाले, थांब फुल्विओ, खुर्चीत गिऱ्हाईक आहे, त्यालाही सांगतो.

९ जून
निवेसताईने हिशेब मांडला. माझी सरासरी तीसपैकी सव्वीस पॉइंट दोन. एकशे दहात बसवली की शहाण्णव. प्रबंधाचे जास्तीत जास्त सहा. म्हणाली, तुझा प्रबंध देवाने लिहिला तरी एकशे दोनच्या वर जात नाही, बाळा. ताई औषधांच्या दुकानात असते, तिला गोळ्या मोजायची सवय. व्यक्तिमत्त्व कुठे धरलंय तिने?

१५ जून
मार्गदर्शक ब्रागादिन सरांकडे लोदेचा विषय काढला. म्हणाले, आधी दुसरं प्रकरण तर दाखव. नाही म्हणाले नाहीत.

२१ जून
बाबांनी सलूनच्या काचेवर पाटी लावली: गुरुवारी बंद, मुलाला एकशे दहा आणि लोदे. अख्ख्या किओज्जा गावाने वाचली म्हणे. ताई म्हणाली, आत्ताच्या आत्ता खरं सांग त्यांना. सांगणारच आहे. उद्या. आज ते खुशीत आहेत.

२४ जून
सांगायलाच फोन केला. पण बाबांनी मासळी बाजारातल्या बारा जणांना जेवायचं आमंत्रण दिलंय. आता विषय कसा काढणार? जेवणात शिंपले आहेत का, तेवढं विचारून फोन ठेवला.

२७ जून
लॉरेलच्या पानांचा मुकुट आला. पदवीआधी डोक्यावर ठेवला तर अपशकुन होतो म्हणतात. मी शिकलेला माणूस, घालून पाहिला. लगेच काढला.

२८ जून, दुपार
परीक्षकांसमोर प्रबंधावर बारा मिनिटं बोललो. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. बराच वेळ झाला. बाबांना म्हटलं, लोदेवरून वाद चाललाय. नंतर कळलं, एक परीक्षक कॉफीला गेले होते. आत बोलावलं, सगळे उभे राहिले. अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं: नव्व्याण्णव. पहिली टाळी बाबांची. त्यांना आकडा ऐकू आला नसावा.

२९ जून
काल जेवायला बाराही जण आले. आकडा कुणीच विचारला नाही, म्हणजे पाटी वाचलेल्या सगळ्यांना कळलाय. पाहुणे गेल्यावर बाबांना म्हटलं, परीक्षकांनी पक्षपात केला. ते टेबल पुसत होते. म्हणाले, ऐकला मी आकडा. मी पाचवीत शाळा सोडली, पोरा. नव्व्याण्णवसाठीसुद्धा दुकान बंद ठेवून गावभर नाचलो असतो. तू मला नाचूच दिलं नाहीस.

फार लाज वाटली. यावर सकाळपासून कारण शोधतोय. एकही सापडत नाही.