रत्नम्माचं पाणी

७ एप्रिल
आले एकदाची सोलापुरात! कुर्डुवाडीहून निघताना आईचे डोळे भरले, मी मात्र खुशीत. गिरिजाबाईंनी भाड्याने दिलेली वरची खोली हवेशीर आहे. दवाखान्यातलं कामही मनासारखं. हृदय थकून अंगावर सूज आलेल्या पेशंटना पाणी मोजूनच द्यावं, की तहानेप्रमाणे पिऊ द्यावं, यावर मोठ्या सरांचं संशोधन चाललंय. काहींना मोजून, काहींना मोकळं. त्यावर लक्ष ठेवायचं ते मी.

१५ एप्रिल
खिडकीजवळ अक्कलकोटच्या रत्नम्मा आहेत. मराठी येत नाही. माझा हात धरून 'नीर कोडव्वा' म्हणतात. पाणी मागतात एवढं कळतं. पण त्या मोजून पाणीवाल्या. त्यांचे यजमान सिद्धलिंग यांनी आज लपवून तांब्या आणला. मी काढून घेतला.
"घोटभर द्या की बाई, जीव तळमळतोय तिचा."
मी नियम सांगितला.

१९ एप्रिल
रत्नम्मा सकाळी गेल्या. किडन्या बंद पडल्या.
दुपारी सरांनी शेजारच्या काशम्मांकडे बघून विचारलं, यांना पाणी मोजून ना, मग भरलेला जग कसा?
यादी वाचताना माझ्याकडून दोघींच्या खाटांची अदलाबदल झाली होती. रत्नम्मांना हवं तेवढं पाणी चालत होतं.
नातेवाइकांनी ठेवला असेल, म्हणाले मी.

२४ एप्रिल
कितीही प्यायलं तरी घसा कोरडा. गिरिजाबाईंनी कौतुकाने विचारलं, कन्नड कधी शिकलीस? म्हणे दुपारी खाली येऊन मी पाणी मागितलं, अगदी त्यांच्या माहेरच्या बोलीत.
दुपारी मी झोपले होते.

२७ एप्रिल
सरांना खरं सांगायला गेले. तोंड उघडलं — भलतेच शब्द. ऊन लागलंय, घरी जा, म्हणाले.
ओठ फुटलेत. रत्नम्मांचे असेच —

२९ एप्रिल
अक्कलकोट. सिद्धलिंगकाकांच्या ओसरीवर बसून लिहितेय. चूक कबूल करायला आले आणि तोंडातून निघालं, 'नीर कोड्री'. आवाज माझा नव्हता.
त्यांनी जवळ येऊन माझा चेहरा निरखला. "रत्ना?"
रडत रडत तांब्या माझ्या ओठाला लावला. पितेय — घशाला लागतच नाही — ते पुन्हा भरायला आत गेलेत —
बोलता येत नाही. निदान लिहून दाखवते. त्यांना मराठी वाचता येतं —
काका, त्यांना पाणी चालत होतं. मीच तुमचा तांब्या — मीच — नीर — काका, मी — नीर को