एंटरवर ठेवलेला नारळ

मनीषनगर, नागपूर
दसऱ्यानंतरचा रविवार

रा. रा. जावईबापू गौरांगराव यांस,

नमस्कार लिहावा तर आम्ही वयाने मोठे, आणि आशीर्वाद लिहावा तर जावयापुढे हात वर जायच्या ऐवजी आपोआप जोडले जातात. तेव्हा दोहोंच्या मधलं जे काही असेल ते मानून घ्यावं. तुमची सर्दी कशी आहे? विहीणबाईंचे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही दोघं ठीक. तुमच्या सासूबाईंची साखर उतरली की माझा रक्तदाब चढतो, त्यामुळे डॉक्टरांना कोणाकडे ना कोणाकडे बघायला मिळतंच. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण तुमचा फोन आला की सासूबाई स्पीकर लावतात, आणि मला जे सांगायचं आहे ते त्यांच्या कानावर पडायला नको. म्हणून हे पत्र.

तर, गार्गीचा तो डोळ्यांवर बांधायचा चष्मा बंद पडला. (त्याला हेडसेट म्हणतात हे मला माहीत आहे. पण आमच्या घरात तो चष्माच.) लोकांना त्यांचं घर बांधायच्या आधीच आतून फिरवून आणायचं, हे गार्गीचं काम. आमचं ह्याच प्लॉटवरचं नवं घर तिने असंच आधी संगणकात बांधलं, आणि विटा यायच्या आत ती गेली. तिचे दिवस झाल्यावर तुम्ही तिचा लॅपटॉप आणि चष्मा इथे आणून जोडून दिलात. जाताना बजावून गेलात की बाबा, ह्याला इंटरनेट कधीही लावू नका. हा चष्मा जुना आहे, कंपनीने त्याच्यावरचा हात काढलाय, एक नवं अपडेट आलं की संगणक ह्याला ओळखसुद्धा देणार नाही. मी मान डोलावली होती. अगदी नीट समजल्यासारखी डोलावली होती.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला तुमच्या सासूबाई चष्मा बांधून त्या घरात जायच्या. ओटा त्यांच्या उंचीला गार्गीने चार बोटं खाली घेतलेला, खिडकी पूर्वेला, मागे तुळस. मी पाठीमागे वायर हातात धरून उभा, म्हणजे बैलामागे कासरा धरून उभं राहावं तसा (हे त्यांना सांगू नका). आमचं खरं घर दोन खोल्यांचं, त्यामुळे त्या तिकडच्या दिवाणखान्यातून निघाल्या की इकडच्या फ्रीजवर आदळायच्या. एकदा माझ्यावरच ओरडल्या, "अवो, बाजूले व्हा ना, माह्या तुळशीत उभे हाय तुमी!" मी खरोखर बाजूला झालो, इतकंच नव्हे तर पायही झटकले. मी स्वतः एकदाच आत गेलो होतो. व्हरांड्यात पाऊल टाकलं, घर गरगरलं, आणि इकडच्या फरशीवर सकाळचे पोहे बाहेर आले. त्यानंतर माझ्याकडे फक्त वायर.

आता दसऱ्याचं सांगतो. कळमेश्वरच्या कारखान्यात मी उभी नोकरी फिटर म्हणून काढली. तिथे आमचा दंडक होता की पूजेच्या वेळी मशीन बंद ठेवायचं नाही; चालत्या मशीनलाच हार घालायचा, नाहीतर वर्षभर रुसतं. घरी आता अवजारं म्हणजे पाने, पक्कड आणि गार्गीचा संगणक. सगळं पाटावर मांडलं, चष्म्याला झेंडूची माळ घातली, संगणक चालू केला. त्याच आठवड्यात सासूबाईंच्या भजनांसाठी वाय-फाय बसवलं होतं. बसवणारा पोरगा मोठा कामसू, टीव्ही जोडला, फोन जोडला, आणि "काकाजी, इसमें भी डाल दूँ क्या?" म्हणाला. मी कशात हे न बघता "डाल दे" म्हणालो. तर पूजा सुरू झाली, पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारणा आली, आणि सासूबाईंनी अक्षता टाकून नारळ ठेवला तो नेमका एंटर बटणावर. संगणकाने तो होकार समजला. आम्ही आरती म्हणतोय आणि पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरताहेत. आम्हाला वाटलं, पूजा पावली! सासूबाईंनी गहिवरून आणखी एकदा कुंकू लावलं. "बंद करू नका" असं काहीसं त्यावर आलं, म्हणून मी आणखी एक आरती घेतली.

संध्याकाळी चष्मा बांधला तर आत काळोख. संगणकाला विचारावं तर तो म्हणे, असं कुठलं यंत्र मला जोडलेलंच नाही. नंदनवनहून माझा जुना सोबती धम्मानंद आला, कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. त्याने चष्मा फुंकला, वायर उलटी करून पाहिली, झेंडूच्या पाकळ्या चिमट्याने काढल्या आणि शेवटी म्हणाला, "रुपराव, याच्यात करंट येऊन राहिला गा, पण याले जीवच नाही." मग सीताबर्डीवरच्या संगणकाच्या दुकानात गेलो. तिथला मुलगा म्हणाला, अंकल, आता दोनच वाटा. सगळं पुसून जुनी सिस्टिम टाकायची, तर आतलं घरही पुसलं जाईल. नाहीतर अपडेट न झालेला दुसरा जुना संगणक शोधायचा आणि घर त्यात उचलून न्यायचं. म्हणजे घर आहे तिथेच आहे, फक्त आत शिरता येत नाही. पडद्यावर त्याचं चित्र दिसतं, पण सासूबाई ते बघत नाहीत. म्हणतात, हे तं रस्त्यावरून पाहल्यासारखं होते.

नारळाचा भाग मी त्यांना कळू दिलेला नाही. कंपनी बुडाली असं सांगितलंय. काल दिवेलागणीला बघतो तर चष्मा बांधून खुर्चीत बसलेल्या. वायर कशालाच जोडलेली नाही. मी म्हटलं, काय दिसून राहिलं वं? म्हणाल्या, "काही नाही जी. डोळ्याले बरं वाटते." मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. गौरांगराव, गार्गी गेली तेव्हा लोक होते, करायला कामं होती. ह्या वेळी करायला काहीच नव्हतं.

असो. तुमच्याकडे काही मागणं नाही, केवळ कळवावं म्हणून लिहिलं. प्रकृतीला जपा, गार पाणी पिऊ नका, विहीणबाईंना नमस्कार सांगा.

आपला,
रुपराव वानखडे

ता. क. मागणं आहे. गार्गीचा ऑफिसातला मोठा संगणक तुमच्या माळ्यावर आहे, त्यात जुनीच सिस्टिम असावी. लेकीच्या घरून काही आणायचं नाही असं मानणारे आम्ही (मी पुण्याला आलो की चहासुद्धा टपरीवर घ्यायचो, आणि गार्गी चिडून माझ्या मागे टपरीवर यायची). आता तर लेकही नाही, तेव्हा ते घर लेकीचं धरायचं की नाही हे मला कळत नाही आणि विचारायचं कोणाला तेही कळत नाही. तो संगणक मिळेल का? चालू करून बघू नका. पुसायचा झाला तर कोरड्या फडक्याने.

आणखी एक. घाई ह्यासाठी की विहीणबाईंनी फोनवर चाचरत सांगितलं, तुळशीचं लग्न झालं की तुमचंही मिनल नावाच्या मुलीशी ठरलंय. म्हणजे आता माळे साफ होणार. आम्हाला वाईट वाटलं नाही असं वर लिहिलं होतं, ते खोडलं. वाईट वाटलं. पण तुम्ही तरुण आहात, जेवताना समोर कोणीतरी हवं, आणि गार्गीनेही हेच म्हटलं असतं. जरा आरडाओरडा करून म्हटलं असतं. सासूबाईंना हेही अजून सांगितलेलं नाही.

जावईबापू, मी सिंधू. यायनं पाकीट डिंकानं चिकटवलं, मी वाफेवर उघडलं. मीच ठेवलेल्या नारळानं ते बंद पडलं, हे मले त्याच दिवशी समजलं. कंपनी बुडाली हे मले पटलं, असंच यायले वाटू द्या. लग्नाचं विहीणबाईनं पयले मलेच सांगतलं. संगणक धाडा, पण पार्सलनं नाही, दोघं मिळून घेऊन या. त्या घरात वरती एक खोली हाय. यायले माहीत नाही, हे तं व्हरांड्यातूनच वापस आले. गार्गीनं ते तुमच्या दोघांसाठी बांधली होती, इकडं आले की राहाले. मी रोज तिथंच जाऊन बसत होती. लग्न झालं की पोरगी पयले मायेरी येते, आणि मिनलले माय नाही म्हणतात. तिच्या ब्लाउजचं माप पाठवा.