कचेरीत ऐटीत चालून दाखविल्याबद्दल फेरतपासणीची विनंती

प्रति,
मा. सुनावणी अधिकारी,
राज्य वैद्यकीय साह्य योजना,
टॅलोबा काउंटी कार्यालय.

विषय : अर्जदार बाईने अपंगत्व तपासणीत स्वतःच्या मूर्खपणामुळे उत्तम चालून दाखविल्याने नामंजूर झालेल्या अर्जाचा फेरविचार होण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ९ सप्टेंबरचे नामंजुरीचे पत्र (तिसरे).

महोदय,

खाली सही करणारी व्हर्नेस्टीन हबर्ड, वय ६१, आपणांस पुढीलप्रमाणे कळविते.

१. सत्तावीस वर्षे मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. दोन वर्षांपूर्वी शाळा बंद झाली आणि तिच्याबरोबर माझा विमाही गेला. आता पाळणाघरात अर्धा दिवस रांधते. एवढ्या मिळकतीवर केंद्राच्या विम्याचे अनुदान मिळत नाही, कारण ती फार कमी आहे; त्या अनुदानालाही किमान मिळकत लागते. आपल्या योजनेत मूल, गरोदर स्त्री, पासष्टीपुढचे वृद्ध, अंध किंवा अपंग असावे लागते, त्यांपैकी मी कोणीच नाही. पहिल्या अर्जाच्या वेळी आपल्या कार्यालयातील बाईंनी फोनवर विचारले, "गरोदर आहात का?" शेजारी बसलेली माझी बहीण क्लोटील्ड ओरडली, "हो म्हण गं! बायबलातली सारा नव्वदीला बाळंत झाली!" मी खरे तेच सांगितले. मिसिसिपी नदीपलीकडे माझी मावसबहीण एवढ्याच पगारावर योजनेचे कार्ड घेऊन दवाखान्यात जाते. तिथे राज्य दुसरे आहे. क्लोटील्ड म्हणते, आईने आपल्याला चुकीच्या काठावर जन्माला घातले.

२. आता लाजेची बाब. माउंट नेबो बॅप्टिस्ट चर्चच्या आरोग्य समितीची अध्यक्ष मीच आहे. दर शनिवारी मी लोकांचे आपल्याकडचे अर्ज भरून देते आणि "बूट काढा, पाय बघू" म्हणून सर्वांना दटावते. आम्हा काळ्या माणसांत साखरेच्या आजाराने पाय गेलेले इतके आहेत की आमच्या चर्चच्या दारात छत्र्यांच्या जागी कुबड्या उभ्या असतात. असे असूनही मी स्वतः साखरेवरच्या गोळ्या पुरवायच्या म्हणून एक दिवसाआड घेत होते. बहिणीने हटकले तेव्हा "डॉक्टरांनीच सांगितलंय" असे ठोकून दिले. डॉक्टरांचे तोंड मी दोन वर्षांत पाहिले नव्हते.

३. एप्रिलमध्ये चर्चच्या महिला दिनासाठी पांढरे बूट घेतले, तेही एक नंबर लहान. माझ्या मापाच्या बुटांत माझे पाय होडीसारखे दिसतात. बोटांची जाणीव गेलेली असल्याने बूट अजिबात चावले नाहीत, आणि इतके आरामशीर बूट जन्मात मिळाले नव्हते असे मी भेटेल त्याला सांगत सुटले. भजन चालू असता आमच्या चर्चचे कारभारी, डीकन ऑथेल पिंकस्टन, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, गालिच्यावर तुमची पावलं उमटतायत."

मी म्हणाले, "टोमॅटोचा रस असेल."

"रविवारी? चर्चमध्ये?"

ऐंशी मैलांवरच्या रुग्णालयात डाव्या पायाची दोन बोटे काढली. शस्त्रक्रिया करणाऱ्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "बाई, इतके दिवस काय करत होतात?" मी म्हणाले, "लोकांचे पाय तपासत होते." ते हसले नाहीत.

४. त्यानंतरचा दुसरा अर्ज, गेलेली बोटे दोनच असल्याने, नामंजूर झाला. तिसऱ्यात आपण तपासणीला बोलाविले, ही आपली कृपा. माझ्या आईने आम्हांला शिकविले होते की गोऱ्यांच्या कचेरीत रडका चेहरा घेऊन जायचे नाही, त्यांना तेवढे सुख द्यायचे नाही. म्हणून त्या दिवशी मी निळा पोशाख घातला, लिपस्टिक लावली, काठी गाडीतच ठेवली. तपासनीस म्हणाले, "दारापर्यंत चालून दाखवा." मी चालले. त्यांनी "वा!" म्हटले म्हणून परत येताना छोटीशी गिरकीही घेतली. अहवालात लिहिले आहे, 'चाल डौलदार. सहा तास उभे राहून काम करण्यास समर्थ.' गाडीत येऊन मी स्टिअरिंगवर डोके ठेवून घोट्यापासून वर चढणारी कळ अर्धा तास सोसली. हे अहवालात नाही, कारण ते मी कोणाला दिसू दिले नाही. यात आपल्या कार्यालयाचा काडीचाही दोष नाही.

५. आता तिसरे बोट काळे पडले आहे. दवाखान्यातील नर्स जुआनेल म्हणाली, "मिस व्हर्नी, थंडीपर्यंत थांबलात तर घोट्यापासून जाईल." हे मी आपल्या बाईंना फोनवर सांगितले. त्या मनापासून म्हणाल्या, "पाऊल गेलं तर लगेच कळवा. मग बहुतेक योजनेत बसाल." मी म्हणाले, "बसेनच. उभी कशी राहणार?"

६. गेल्या शनिवारी समितीच्या बैठकीत मी नेहमीप्रमाणे "बूट काढा" म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आधी स्वतःचा काढला. मग डीकन पिंकस्टन खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडू लागले. त्यांच्या टाचेला डॉलरच्या नाण्याएवढी जखम होती, आणि त्यांनी ती पाच महिने घरच्यांपासूनही लपविली होती. त्यांच्यामागून एकेकाने बूट काढले. आणखी तीन जखमा निघाल्या. चौघेही साठीच्या आतबाहेरचे, कामावर जाणारे, आणि आपल्या योजनेत न बसणारे.

तरी विनंती की माझी फेरतपासणी व्हावी. या खेपेस मी काठीसह, लिपस्टिकशिवाय, पायाला पट्टी बांधून येईन आणि दुखेल तिथे "दुखतंय" म्हणेन. तसे म्हणण्याचा सराव क्लोटील्ड रोज संध्याकाळी करून घेते. अजून नीट जमत नाही, त्याबद्दल आगाऊ क्षमा असावी. तसेच सोबतच्या चौघांची सुनावणी त्याच दिवशी ठेवावी. गाडी एकच आहे, आणि तिच्यात पाचजण मावतात.

आपली, जमेल तितकी नम्र,

व्हर्नेस्टीन हबर्ड
दि. २ ऑक्टोबर

सोबत :
१) नर्स जुआनेल यांचे पत्र.
२) ऑथेल पिंकस्टन व इतर तिघांचे अर्ज, माझ्या हस्ताक्षरात.
३) माझ्या डाव्या पावलाचे छायाचित्र. काढताना बहिणीला रडू आवरले नाही, त्यामुळे जरा हललेले आहे. बोटे मोजता येतात.