पन्नासाला एक

४ फेब्रुवारी
दोन वर्षांनी शेडचं मागचं दार उघडलं. गोणपाटाखाली इंजिन तसंच. एवढंसं, दोन सिलिंडरचं, मांडीवर घेता येईल असं – आणि दोन सख्ख्या भावांना वेगळं केलं त्यानं!

५ फेब्रुवारी
हात लावला नाही.

८ फेब्रुवारी
आमचं विमान म्हणजे कापडी पंख, दोन खुर्च्या आणि हे इंजिन. याला वेगळं तेल नसतं, पेट्रोलमध्येच मिसळायचं. पन्नास लिटरला एक लिटर. ते काम माझं, उडायचं काम धाकट्याचं. त्या दिवशी वर चढता चढताच इंजिन जाम झालं. विमान शेतात आदळलं, धाकट्याचा पाय मोडला. इस्पितळात पहिलं वाक्य – "दादा, तू तेल घातलंच नाहीस."
"घातलं!"
"घे शपथ."
शपथ काही घेता आली नाही. रोजचं काम, हात आपोआप करतात – आठवणार काय कपाळ! मग मीही अडून बसलो. आमच्या घरात ताठा दोघांना सारखा वाटून मिळालाय.

९ फेब्रुवारी
रविवार. दिवसभर कोणाशी एक शब्द नाही. संध्याकाळी मुद्दाम दुकानात जाऊन काडेपेटी आणली. घरात चार होत्या.

११ फेब्रुवारी
सिलिंडर उतरवला. पिस्टनवर ओरखडे – पण चारच ठिकाणी, चार बाजूंना. बाकी लख्ख. खालचं बेअरिंग तेलकट! तेल नसतं तर सगळंच खरवडून निघालं असतं. हे थंड इंजिनाचे ओरखडे. पिस्टन तापून फुगला, सिलिंडर अजून गारच. पठ्ठ्यानं इंजिन तापू न देताच उडवलं. घाई, जन्माची घाई!
तेल मी घातलं होतं. घातलं होतं! शेडमध्ये मोठ्यांदा ओरडलो. ऐकायला कोणी नव्हतं.

१२ फेब्रुवारी
पिस्टन फडक्यात बांधून ठेवलाय. उद्या त्याच्या नाकासमोर धरणार. काय काय सुनावायचं तेही ठरवलंय. सुनावून झाल्यावर पुढे काय, ते मात्र सुचत नाही.

१३ फेब्रुवारी
दार त्यानंच उघडलं. हातात काठी. म्हणालो, "तेल मीच विसरलो होतो."
"एवढं म्हणायला दोन वर्षं लागली, दादा?" – आणि दारातून बाजूला झाला.
मी एकच अट घातली. यापुढे उडण्याआधी इंजिन तापवायचं काम माझं.